प्लेस्टेशन आणि पीसी: आतून सारखेच, मग फरक कुठे?

सोनीचं प्लेस्टेशन ५ हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आलं, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये. तेवढेच पैसे घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात, तर दुकानदार प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड असं एकेक काढून पीसी जुळवून देईल. पण तोच गेम, तितकाच स्पष्ट आणि तितकाच सलग त्या पीसीवर चालवायचा म्हटलं की बजेट कोलमडतं. ग्राफिक्स कार्डच अर्ध्याहून जास्त पैसे खातं. खरं तर दोन्हींच्या आत एकाच घराण्याचा माल असू शकतो. प्लेस्टेशन ५मधला प्रोसेसर एएमडी या चिप कंपनीचा आहे, झेन २ पिढीचा, आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या आठ भागांचा. त्याच पिढीचे रायझन प्रोसेसर कितीतरी पीसींमध्ये बसलेत. मग कन्सोलला जे जमतं ते पीसीला त्याच पैशांत का जमत नाही? आणि एवढं ताकदवान यंत्र विकत घेऊनही त्यावर आपल्या मर्जीचं एखादं सॉफ्टवेअर का टाकता येत नाही?

याचं उत्तर चिपमध्ये कमी आणि एका निर्णयात जास्त आहे. विकलेला प्रत्येक नग सारखा ठेवायचा आणि पुढची सहा-सात वर्षं त्याची क्षमता बदलायची नाही, हा तो निर्णय. बाकी बरंच काही त्यातून आपोआप येतं. सगळं मात्र नाही, आणि त्याबद्दल मला शेवटी बोलायचंच आहे.

पूर्वी चिपच वेगळी असायची. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईत घरोघरी जे टीव्ही गेम चालायचे, ज्यांच्या कॅसेट नाक्यावरच्या दुकानातून भाड्याने आणल्या जायच्या, त्यातले बरेचसे निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. फॅमिकॉममध्ये ६५०२ घराण्यातला आठ बिटचा प्रोसेसर होता. वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे त्या मेमरीत जेमतेम ६८० चिन्हं मावतील. या लेखाचा पहिला परिच्छेदसुद्धा त्यात पुरता बसणार नाही.

आता पडद्याचा हिशेब करा. आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, म्हणजे एकूण ६१,४४०. चित्र काढणाऱ्या चिपला वेगळी मेमरी होती, पण तीही २ किलोबाइटच. एवढ्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवणं शक्यच नाही. म्हणून फॅमिकॉम पडद्याचं चित्र साठवतच नसे. पडद्याचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले असत: आडवे ३२, उभे ३०, एकूण ९६०. कुठे कोणता चौकोन लावायचा, त्याचा फक्त नंबर ठेवायचा. एका चौकोनाला एक बाइट. रंगांच्या माहितीला आणखी ६४ बाइट. बेरीज १,०२४, म्हणजे नेमका एक किलोबाइट. पाठचं अख्खं दृश्य त्यात आलं. चौकोनांची मूळ चित्रं कॅसेटमधल्या चिपवर असत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा पूर्ण गेम ४० किलोबाइटांचा आहे, आणि त्यात ढग आणि झुडपं यांचा आकार एकच आहे. एक पांढऱ्या रंगात, दुसरा हिरव्या. पुन्हा बघाल तेव्हा लगेच लक्षात येईल.

हलणाऱ्या गोष्टी, म्हणजे मारिओ, कासवं, गोळ्या, या वेगळ्या थरावर असत. त्यांचे एकूण ६४ तुकडे पडद्यावर ठेवता येत, पण एका आडव्या रेषेवर ८च. नववा तुकडा आला की चिप त्याला सरळ वगळायची. मग प्रोग्रॅमरनी युक्ती काढली: दर चित्राला तुकड्यांचा क्रम बदलायचा, म्हणजे एकच पात्र कायमचं गायब होण्याऐवजी सगळे थोडे थोडे गायब होतील. गर्दी झाली की शत्रू लुकलुकायला लागायचे ते यामुळे. आपण त्यावर टीव्हीची पिन हलवायचो, अँटेना स्विच खालीवर करायचो. प्रत्यक्षात टीव्हीचा त्यात काही दोष नव्हता.

याच चिपमध्ये आणखी एक सोय होती, आणि मला ती फार देखणी वाटते. पाठचं दृश्य सरकवायचं असेल तर प्रोसेसरला काहीही पुन्हा काढावं लागत नसे. किती ठिपके आडवं, किती उभं, असे दोन आकडे चिपला दिले की अख्खा देखावा सरकायचा. त्या काळचा आयबीएम पीसी कागदोपत्री जास्त वेगवान असला तरी मुळात तो ऑफिसच्या कामासाठी बनवलेला. त्याच्यावर असं गुळगुळीत सरकणारं दृश्य काढणं इतकं अवघड होतं की १९९० साली जॉन कारमॅक या प्रोग्रॅमरने ते करून दाखवलं, तेव्हा ती मोठी कामगिरी ठरली. त्याची युक्ती अशी होती की सगळा पडदा पुन्हा न काढता जे चौकोन बदललेत तेवढेच काढायचे. त्याच तंत्रावर ‘कमांडर कीन’ हा गेम उभा राहिला. कन्सोल आणि कॉम्प्युटर यांतला फरक तेव्हा हा असा, सिलिकॉनमध्ये कोरलेला होता.

हा वेगळेपणा २००६ सालच्या प्लेस्टेशन ३पर्यंत टिकला. त्यातल्या सेल नावाच्या प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि आकडेमोडीसाठी आठ छोटे कोअर होते. त्यातला एक बंद ठेवलेला, एक सिस्टिमसाठी राखीव, म्हणजे गेमच्या वाट्याला सहा. आकडेमोडीत हा प्रोसेसर इतका तगडा होता की अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून २०१० साली सुपरकॉम्प्युटर उभा केला. पण गेम बनवणाऱ्यांना तो वापरताना घाम फुटायचा. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले, तेव्हा सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही एएमडीचे, पीसीतल्यासारखेच प्रोसेसर घेतले. निन्टेंडोचा २०१७ सालचा स्विच तर मोबाइलच्या जवळ जाणाऱ्या एनव्हिडियाच्या टेग्रा चिपवर चालतो. खास चिपचा काळ तिथे संपला.

मग उरलं काय? लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत एखाद्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडं पडलेलं प्लेस्टेशन ५ बघायला मिळालं तर नीट बघा. बोर्डाच्या मध्यभागी एकच मोठी चिप आहे. तिच्याभोवती मेमरीच्या आठ काळ्या चिप, प्रत्येकी २ जीबीच्या. रॅमचा स्लॉट नाही, ग्राफिक्स कार्डाचाही नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स त्या एकाच मधल्या चिपमध्ये आहेत, आणि भोवतालची १६ जीबी मेमरी दोघांची सामाईक आहे.

पीसीत दोन वेगळे संसार असतात. प्रोसेसरची रॅम मदरबोर्डवरच्या स्टिकमध्ये, ग्राफिक्स कार्डाची मेमरी कार्डावर. भिंतीचं चित्र डिस्कवरून आधी रॅममध्ये येतं, तिथून मदरबोर्डवरच्या मार्गाने ग्राफिक्स कार्डात जातं. प्लेस्टेशन ५ आलं तेव्हाच्या नव्या पीसीत तो मार्ग सेकंदाला साधारण ३२ जीबीचा होता. डीडीआर४ रॅमच्या ३२००च्या दोन स्टिक लावल्या तर त्यांचा वेग कागदोपत्री ५१.२ जीबी. प्लेस्टेशन ५मध्ये सामाईक मेमरीचा वेग ४४८ जीबी आहे, आणि वस्तू एकीकडून दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच येत नाही. एकाने ठेवली ती दुसऱ्याने तिथूनच उचलायची. किंमतही मोजावी लागते. ही १६ जीबी सगळ्यांत मिळून आहे, त्यातला काही भाग सिस्टिम घेते, आणि चिप बोर्डाला डाग देऊन बसवलेल्या असल्यामुळे पुढे कधीही मेमरी वाढवता येत नाही. पीसीवाला मात्र दोन वर्षांनी आणखी एक स्टिक आणून लावतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात बटण कोणतं दाबलं ते बघायचं, शत्रूंनी काय करायचं ते ठरवायचं, कोण कोणाला धडकलं ते तपासायचं, आणि लाखो ठिपक्यांचा रंग काढायचा. टीव्ही कोणासाठी थांबत नाही. चित्र १७व्या मिलिसेकंदाला तयार झालं तर त्याला पुढच्या फेरीपर्यंत वाट बघावी लागते. दादरला ८:४२ची फास्ट दोन सेकंदांनी चुकली तरी पुढचीच गाडी धरावी लागते, तसंच. तोवर पडद्यावर आधीचंच चित्र राहतं आणि डोळ्याला झटका जाणवतो. हल्लीच्या काही टीव्हींमध्ये पडदा थोडा थांबून घेतो, पण सगळ्यांकडे तसा टीव्ही नसतो.

प्रत्येक यंत्र सारखं असल्याचा फायदा इथे दिसतो. स्टुडिओत बसलेल्या माणसाला माहीत असतं की धुक्याला दोन मिलिसेकंद लागतात, सावल्यांना तीन, आणि हे ठाण्यात, टोकियोत, सगळीकडे तेवढेच राहणार. तो एकेक मिलिसेकंद वाटून देतो, जास्त झालं तर गवताची पाती कमी करतो. पीसीसाठी गेम बनवताना असा हिशेब करताच येत नाही, कारण कोणाकडे कोणतं कार्ड, किती रॅम, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर कुठला, याला अंत नाही. म्हणून पीसीच्या गेममध्ये सेटिंगची ती लांबलचक यादी असते: सावल्या मध्यम, पाणी उच्च, अमुक बंद. जे काम कन्सोलवर स्टुडिओने केलेलं असतं, ते पीसीवर आपण करत बसतो. मधेच ‘प्रो’ मॉडेल येतं तेव्हाही गेम मूळ मॉडेलवर चालायलाच लागतो, त्यामुळे तळाचा हिशेब बदलत नाही.

शेडरचं उदाहरण घेतलं की हे अगदी स्पष्ट होतं. पडद्यावरच्या ओल्या डांबराला चमक कशी द्यायची, कापडावर उजेड कसा पडतो, हे सांगणारे छोटे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. एका गेममध्ये ते हजारोंनी असतात. ग्राफिक्स चिपला समजेल अशा शेवटच्या भाषेत ते उतरवावे लागतात, आणि ती भाषा प्रत्येक घराण्याच्या चिपची वेगळी. पीसीवर गेम येतो तेव्हा शेडर अर्धवट अवस्थेत असतात; तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर ते तुमच्याच घरी पूर्ण करतो. गेम पहिल्यांदा उघडल्यावर ‘कम्पायलिंग शेडर्स’ लिहिलेली पट्टी रेंगाळत सरकते ती हीच. काही गेम ते काम ऐन खेळात करतात, आणि दार उघडून नव्या खोलीत पाऊल टाकलं की क्षणभर सगळं गोठतं. लाखभर रुपयांचं कार्ड असलेल्यांनाही हा त्रास होतो. कन्सोलची चिप एकच, म्हणून सगळे शेडर स्टुडिओतच पूर्ण तयार होऊन डिस्कवर येतात. स्वस्त यंत्र महागड्या यंत्रापेक्षा गुळगुळीत चालताना दिसलं, तर बऱ्याचदा कारण हे असतं.

साठवणुकीची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. प्लेस्टेशन ४मध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. सेकंदाला ५० ते १०० एमबी वाचायची, आणि वाचण्याआधी तिचं डोकं योग्य जागी जायला वेळ लागायचा. तिच्यासाठी इन्सॉम्नियाक स्टुडिओने ‘स्पायडर-मॅन’ बनवला. त्यात नायक न्यूयॉर्कवरून झोके घेत भन्नाट वेगाने जातो, आणि पुढचा चौक तो पोचण्याआधी मेमरीत यायला हवा. त्या चौकात टपालपेटी आहे, आणि तिची फाइल डिस्कच्या दुसऱ्या टोकाला असेल तर खेळ संपला. मग उपाय काय? टपालपेटीची प्रत प्रत्येक भागाच्या माहितीशेजारी ठेवायची. प्लेस्टेशन ५चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०च्या सादरीकरणात सांगितलं, की अशा काही वस्तू हार्ड डिस्कवर ४०० वेळा साठवलेल्या होत्या. डोकं हलू नये म्हणून एकाच टपालपेटीच्या ४०० प्रती.

प्लेस्टेशन ५मध्ये ८२५ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची साठवण, आली, सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी. शिवाय दाबून साठवलेली माहिती उलगडण्यासाठी चिपमध्ये खास भाग दिला. सर्नींच्या म्हणण्याप्रमाणे तेच काम प्रोसेसरकडून करून घ्यायचं तर झेन २चे नऊ कोअर लागले असते, आणि यंत्रात आहेतच आठ. आता टपालपेटी एकदाच ठेवली की झालं. वेगवान एसएसडी पीसीत आधीपासून होत्याच. फरक इतकाच, की प्लेस्टेशन ५ असलेल्या प्रत्येकाकडे ती आहे हे गेम बनवणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो गेमची रचनाच तिच्या भरवशावर करू शकतो. पीसीवर कोणीतरी अजून जुन्या हार्ड डिस्कवर खेळत असतो, आणि त्यालाही सांभाळून घ्यावं लागतं.

मुंबईकरांच्या कामाची एक गोष्ट याच सादरीकरणात होती. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, दुपारी गेम खेळून बघा. हिवाळ्यात नीट चालणारा गेम अडखळायला लागतो. प्लेस्टेशन ५ वेग ठरवताना तापमान बघत नाही. चिप किती आणि कसलं काम करतेय, त्यावरून तो ठरतो, त्यामुळे तोच प्रसंग प्रत्येक यंत्रावर त्याच वेगाने चालतो. विक्रोळीच्या उकाड्यात आणि जपानच्या थंडीत चित्रं तेवढीच निघतात. फरक पडतो तो पंख्याच्या आवाजात. अर्थात पंख्याला हवा लागते. हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात यंत्र कोंबलं, मागची जाळी धुळीने भरली, तर ते एका मर्यादेनंतर स्वतःला बंद करून घेतं. कप्प्याचं दार उघडं ठेवा आणि धूळ काढत राहा.

सिस्टिम सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. प्लेस्टेशन ४ची सिस्टिम फ्रीबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी आहे, एक्सबॉक्सची विंडोजच्या घराण्यातली आहे. म्हणजे तीही ओळखीचीच. पण मेमरी आणि प्रोसेसरचा गेमचा हिस्सा आधीच राखून ठेवलेला असतो; मधेच अँटिव्हायरसने डोकं वर काढलं आणि गेम अडखळला, असं होत नाही.

आता कुलपाकडे, म्हणजे आपल्या मर्जीचं सॉफ्टवेअर चालू न देण्याकडे येतो. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारी कंपनीच्या यंत्रासाठी कोणीही गेम काढत होतं आणि रद्दी गेमनी दुकानं भरली होती. निन्टेंडो १९८५ साली तिथे उतरली ती यंत्रात कुलूप लावूनच. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जुळलं नाही तर गेम सुरूच व्हायचा नाही. आपल्याकडच्या नकली यंत्रांत हे कुलूप नव्हतं, म्हणून ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेट त्यात बिनबोभाट चालायच्या. आज चिपच्या जागी डिजिटल सही आहे. कंपनीच्या गुप्त किल्लीने सही केलेला प्रोग्रॅमच कन्सोल चालवतो, आणि यंत्र सुरू झाल्याच्या पहिल्या क्षणापासून प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची सही तपासतो. त्याने चोरीचे गेम थांबतात, ऑनलाइन फसवाफसवीही बरीच कमी होते.

पण कुलपामागे पैशाचं गणितही आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी महिलेने साक्षीत सांगितलं, की एक्सबॉक्स यंत्रं तोट्यात विकली जातात. तो तोटा भरून निघतो गेममधून. कन्सोलवरच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या गेममध्ये दुकानाच्या मालकाचा, म्हणजे कन्सोल कंपनीचा, वाटा साधारण ३० टक्के असतो. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्याला मात्र नफा कार्डातूनच काढावा लागतो. पन्नास हजारांच्या तुलनेत पीसी मागे पडतो त्याचं अर्धं कारण हे. प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा सोनीचे नवे मोठे गेम इथे ४,९९९ रुपयांना होते, म्हणजे दहा गेम घेतले की आणखी एका यंत्राचे पैसे गेले. पैसे देऊन घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी वेगळी. म्हणून घेणाऱ्याला माझा सल्ला असतो, की थोडे जास्त पैसे गेले तरी डिस्कवालं मॉडेल घ्या. डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते. डाउनलोड केलेल्या गेमचं तसं काहीच करता येत नाही.

कुलूप आणि सारखेपणा एकमेकांना बांधलेले आहेत, कुलूप काढलं तर यंत्र नीट चालणार नाही, असं लोक धरून चालतात. ते मला पटत नाही. प्लेस्टेशन ३ विकताना त्यावर लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोय होती. लोकांनी ती बघून यंत्र घेतलं, आणि एप्रिल २०१०मध्ये सोनीने एका अपडेटने ती काढून टाकली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद. प्लेस्टेशन ४मध्ये डिस्क ड्राइव्हचा बोर्ड मदरबोर्डशी जोडी लावूनच येतो. तो बिघडला तर दुसऱ्या यंत्रातला धडधाकट बोर्ड लावूनही डिस्क चालत नाही, आणि दुरुस्तीवाला हात टेकतो. यात गेमचं एकही चित्र वेगाने निघत नाही. हे ग्राहकाच्या हक्कावरचं आक्रमण आहे, आणि यंत्र आवडतं म्हणून ते गोड मानून घ्यायचं कारण नाही.

कुलपाशिवायही सारखेपणाचा फायदा मिळतो, याचा पुरावा म्हणजे व्हाल्व्ह कंपनीचा २०२२ सालचा स्टीम डेक. हातात धरायचं यंत्र, आत एएमडीची झेन २ चिप, १६ जीबी सामाईक मेमरी, सगळ्या नगांमधली ताकद सारखी. त्यामुळे व्हाल्व्ह त्याच्यासाठी शेडर आधीच तयार करून पाठवते, आणि पीसीवर अडखळणारे काही गेम त्यावर सरळ चालतात. वर लिनक्स आहे, डेस्कटॉप उघडतो, हवं ते सॉफ्टवेअर टाकता येतं. एसएसडी स्क्रू काढून बदलता येते, आणि झिजलेली जॉयस्टिक, पंखा असे सुटे भाग आयफिक्सिट या दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कंपनीमार्फत विकत घेता येतात.